क्रोशाचें सूत, गुलामांचा कापूस आणि मराठी राज्यें

ऐतिहासिक साधनें म्हटलीं म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें दप्तरें, बखरी, ताम्रपट, शिलालेख व नाणीं हींच उभीं राहतात. जुन्या पेटाऱ्यांत कागदांच्या रुमालांखालीं विणकामाचा एखादा रुमाल निघाला, तर तो बायकांच्या फावल्या वेळची करामत समजून बाजूस ठेवण्याचा आपला प्रघात आहे. परंतु सुताचा तुकडा हाहि एक प्रकारचा कागदच होय. तो कोणत्या देशांत पिकला, कोणीं वेंचला, कोणत्या बाजारानें हिंडत आला, ही हकीकत त्याच्या पिळांत असते. वाचणारा मात्र पाहिजे.

प्रस्तुत लेखाचा विषय क्रोशाचें सूत हा आहे. हल्लीं विणकाम करणाऱ्या मंडळींत सेंद्रिय कापूस, न रंगविलेली लोकर, मजुरांस योग्य वेतन देऊन तयार केलेलें सूत यांची चौकशी पुष्कळ होते. आपण हातीं घेतों तें सूत न्यायानें आलें कीं अन्यायानें, हा प्रश्न अगदीं आजचा आहे अशी सामान्य समजूत आहे. वस्तुतः ज्या दशकांत क्रोशाचा युरोपांत सर्वत्र प्रसार झाला त्याच दशकांत हा प्रश्न मोठ्या निकडीनें विचारला गेला होता. इतकेंच नव्हे, तर त्याचा एक पदर सातारच्या छत्रपतींच्या पदच्युतीपर्यंत आणि दुसरा नागपूरचें राज्य खालसा होण्यापर्यंत जाऊन पोंचतो. हे पदर उलगडून दाखवावेत एवढाच येथें हेतु आहे.

प्रथम क्रोशाविषयीं. हा शब्द फ्रेंच असून त्याचा अर्थ लहान आंकडा असा आहे. सुयांवरील विणकामांत अनेक टांके एकाच वेळीं सुईवर असतात. क्रोशांत आंकड्यावर बहुधा एकच फांस उभा असतो आणि त्यांतून पुढचा काढावयाचा असतो. आमच्याकडील स्त्रिया ज्यांस साखळी, मुका खांब व खांब म्हणतात, ते सर्व याच एका क्रियेचे प्रकार होत. हें काम व्यापारी प्रमाणावर यंत्रास साधलेलें नाहीं. त्यामुळें क्रोशाची वस्तु दिसली कीं ती कोणाच्या तरी हातानें झाली असें समजण्यास हरकत नाहीं. ही कला फार प्राचीन असावी असें वाटतें खरें, पण तिचा छापील पुरावा उशिराचा आहे. इ. स. १८२३ सालीं हॉलंडांतील ‘पेनेलोपे’ या स्त्रियांच्या मासिकांत क्रोशाच्या पिशव्यांचे नमुने आले. १८४० नंतर इंग्लंडांत नमुन्यांच्या पुस्तकांची एकच गर्दी उडाली. त्यांतील अग्रगण्य लेखिका एलेओनोर रिएगो द ला ब्रांशार्दिएर (मृत्यु १८८७) ही होय. तिच्या पुस्तकांमुळें क्रोशा मध्यम स्थितींतील घरोघरच्या कामाच्या टोपल्यांत शिरला.

याच सुमारास आयर्लंडांत क्रोशानें निराळें रूप धारण केलें. १८४५ सालीं तेथें बटाट्याच्या पिकावर रोग पडला व पुढील चार-पांच वर्षांत सुमारें दहा लक्ष माणसें उपासमारीनें व सांथींनीं मेलीं. त्याहून अधिक देश सोडून गेलीं. कॉर्कजवळील ब्लॅकरॉक येथील उर्सुला पंथाच्या ख्रिस्ती संन्यासिनींनीं आपल्या शाळेंत मुलींस क्रोशा शिकविला. १८४७ सालीं मोनाहन परगण्यांतील क्लोन्स या गांवीं तेथील धर्मोपदेशकाची पत्नी कॅसँड्रा हँड हिनें शिक्षिका आणवून हा धंदा घालून दिला. व्हेनिसची जाळी सुईनें करावयास महिनेच्या महिने लागत. तिचें अनुकरण क्रोशानें थोडक्या वेळांत होई. गुलाबाचीं फुलें, द्राक्षांचे घोंस, त्रिदळ पानें असे तुकडे निरनिराळ्या झोंपड्यांत विणावयाचे व शेवटीं ते जाळीनें जोडावयाचे, अशी या कामाची वांटणी होती. त्यावर कुटुंबेंच्या कुटुंबें जगलीं. आयरिश क्रोशाच्या गळपट्ट्या पुढें पॅरिस व न्यूयॉर्क येथें मोठ्या किंमतीनें विकल्या गेल्या.

येथें विणणारणीच्या पोटाचा प्रश्न सुटला. सुताचा प्रश्न मात्र शिल्लक राहिला. क्रोशाचें बारीक काम बहुतेक कापसाच्या सुतावर होई, आणि त्या काळीं लँकेशायरच्या गिरण्यांत येणारा बहुतेक कापूस अमेरिकेच्या दक्षिणेकडील संस्थानांतून येई. तो तेथील निग्रो गुलाम वेंचीत. इंग्लंडनें आपल्या वसाहतींतील गुलामगिरी १८३३ च्या कायद्यानें बंद केली व १ ऑगस्ट १८३८ रोजीं वेस्ट इंडीज बेटांतील उमेदवारीची पद्धतहि संपविली. परंतु ज्या गिरण्यांवर इंग्लंडची श्रीमंती उभी होती त्या गुलामांच्याच कापसावर चालत होत्या. १७९३ सालीं एली व्हिटनी यानें सरकी काढण्याचें यंत्र शोधून काढल्यापासून अमेरिकेंतील गुलामांची मागणी कमी न होतां उलट वाढली होती.

या विसंगतीकडे बोट दाखविणारे लोक मुख्यतः क्वेकर पंथाचे. त्यांच्यांतील या आचाराची परंपरा क्रोशाच्याहि आधींची आहे. पेनसिल्व्हानियांतील बेंजामिन ले (मृत्यु १७५९) हा ठेंगणा, कुबडा व विलक्षण निश्चयी गृहस्थ स्वतः जवसाचें सूत कांतून त्याचींच वस्त्रें वापरी. गुलामांच्या श्रमाचा किंवा प्राण्यांस मारून मिळविलेला पदार्थ तो अंगास लागूं देत नसे. त्याच्या नंतरचा जॉन वुलमन (१७२०–१७७२) यानें १७६१ च्या सुमारापासून रंगविलेलीं वस्त्रें सोडलीं. रंग हा मळ झांकतो व कापडास दुर्बळ करितो असें त्याचें म्हणणें. शिवाय नीळ गुलामांच्या मळ्यांतून येई. न रंगविलेल्या लोकरीचे कपडे व नैसर्गिक रंगाची टोपी घालून तो सभांस जाई, तेव्हां स्वपंथीयहि त्याजकडे संशयानें पाहत. आज नैसर्गिक सुताची जी महती गाइली जाते तिचा हा पूर्वज आहे, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. १७९१ सालीं इंग्लंडांत विल्यम फॉक्स याच्या पत्रकामुळें वेस्ट इंडीजच्या साखरेवर बहिष्कार पडला. त्या चळवळींत स्त्रियांचा मोठा भाग होता, कारण घरांत कोणती साखर यावी हें त्याच ठरवीत.

साखरेचा धडा मग कापसास लावण्यांत आला. १८२६ सालीं बाल्टिमोर येथें बेंजामिन लंडी यानें मुक्त श्रमाच्या मालाचें दुकान काढलें. १८३० सालीं फिलाडेल्फियांत लिडिया व्हाइट या बाईनें काढलें. त्याच शहरांतील कृष्णवर्णीय नागरिकांनीं व त्यांच्या स्त्रियांनीं त्याच काळीं या कामासाठीं स्वतंत्र मंडळ्या स्थापिल्या. १८४७ पासून लेव्ही कॉफिन हा सिनसिनाटी येथें व जॉर्ज टेलर हा फिलाडेल्फियांत असा माल ठेवूं लागला. इंग्लंडांत न्यूकॅसल येथील ॲना रिचर्डसन हिनें १८४६ सालीं स्त्रियांची मंडळी काढली, व तिच्या धर्तीवर गांवोगांव शाखा निघाल्या. फ्रेडरिक डग्लस याचें स्वातंत्र्य त्याच्या धन्याकडून विकत घेण्यासाठीं ज्यांनीं त्याच वर्षीं वर्गणी जमविली, त्यांत हें रिचर्डसन कुटुंबच पुढें होतें. सॉमरसेट परगण्यांतील स्ट्रीट या गांवीं एलेनर क्लार्क हिनें १८५३ पासून १८५८ पर्यंत मुक्त श्रमाच्या कापसाचें कापड विकणारें दुकान चालविलें.

हीं दुकानें चालविणें किती कठीण होतें, तें पाहिल्यावांचून या लोकांचें मोल कळणार नाहीं. कापसाच्या बोंडावर तें कोणीं वेंचलें याची खूण नसते. एकदां तो गांठोड्यांत बांधला, जहाजावर चढला आणि गिरणींत पिंजला गेला, म्हणजे गुलामाचा कापूस व स्वतंत्र शेतकऱ्याचा कापूस यांत कांहींच अंतर राहत नाहीं. म्हणून शेतापासून दुकानापर्यंत प्रत्येक टप्प्यावर हा माल वेगळा ठेवावा लागे. गुलाम न ठेवणारे लहान शेतकरी दक्षिणेंत होतेच. पण त्यांचा कापूस सरकी काढण्यास शेजारच्या मळेवाल्याकडे जाई आणि तेथें गुलामांचा हात लागेच. यासाठीं कॉफिन व त्याच्या मित्रांनीं मिसिसिपींतील अशा एका शेतकऱ्यास सरकी काढण्याचें यंत्रच पाठवून दिलें. टेलर यानें १८५४ सालीं केवळ या कापसासाठीं स्वतंत्र गिरणी सुरू केली. इतकें करूनहि माल महाग पडे, नमुने थोडे असत, सूत कित्येकदां जाडेंभरडें निघे. विल्यम लॉइड गॅरिसन यासारखा गुलामगिरीचा कट्टर शत्रुहि म्हणूं लागला कीं, या सूक्ष्म शुचिर्भूतपणानें मुख्य लढ्यावरचें लक्ष उडतें.

गॅरिसनच्या बाजूनेंहि एक गोष्ट नमूद केली पाहिजे. बोस्टन येथें १८३४ पासून १८५८ पर्यंत गुलामगिरीच्या विरुद्ध चळवळीसाठीं दरवर्षीं जत्रेसारखा बाजार भरे. इंग्लंड, स्कॉटलंड व आयर्लंड येथील स्त्रिया त्यासाठीं पेट्याच्या पेट्या भरून विणकाम, भरतकाम व क्रोशाच्या वस्तू पाठवीत. त्या विक्रीच्या पैशांवर वर्तमानपत्रें व व्याख्यानें चालत. म्हणजे गुलामांच्या सुटकेसाठीं विकावयाची जाळी गुलामांनींच वेंचलेल्या कापसाची असण्याचा संभव फार मोठा होता. एका पक्षाच्या मतें त्या जाळीनें मिळणारा पैसा महत्त्वाचा, दुसऱ्याच्या मतें तिचें सूत महत्त्वाचें. दोन्ही पक्ष प्रामाणिक होते. हा वाद ज्यास समजला त्यास सुताच्या शुद्धतेच्या प्रश्नांतील खरी अडचण समजली असें म्हणावयास हरकत नाहीं.

आतां आपल्या देशाकडे वळूं. अमेरिकेचा कापूस नको, तर दुसरा कोठून आणावयाचा? या प्रश्नास जॉर्ज थॉम्सन (१८०४–१८७८) यानें उत्तर दिलें: हिंदुस्थानांतून. हा गुलामगिरीविरुद्धचा त्या काळचा सर्वोत्कृष्ट वक्ता. डार्लिंग्टन येथील क्वेकर जोसेफ पीझ व त्याची कन्या एलिझाबेथ यांच्या साह्यानें जुलै १८३९ त लंडन येथें ‘ब्रिटिश इंडिया सोसायटी’ स्थापन झाली. त्या सभेचे अध्यक्ष लॉर्ड ब्रूम होते. सोसायटीचें म्हणणें थोडक्यांत असें: हिंदुस्थानची रयत गुलाम नाहीं, तिचा कापूस स्वस्त पडेल, तो बाजारांत आला कीं गुलामांचा कापूस आपोआप बसेल. परंतु त्यासाठीं रयतेवरील जमीन-साऱ्याचें ओझें कमी केलें पाहिजे व कंपनीचा जुलमी कारभार सुधारला पाहिजे. अमेरिकेंतील गुलाम व हिंदुस्थानांतील शेतकरी या दोघांचें हित एकाच धाग्यानें बांधलेलें आहे, हें या मतांतील तत्त्व.

ही सोसायटी निघाल्यास दोन महिने झाले नाहींत तोंच, सप्टेंबर १८३९ त, मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स कार्नाक यांनीं सातारच्या प्रतापसिंह महाराजांस पदच्युत केलें. गोव्याच्या पोर्तुगीजांशीं कारस्थान व कंपनीच्या पलटणींतील शिपायांस फितविणें हे आरोप त्यांजवर होते. महाराजांची रवानगी काशीस झाली, व त्यांचे निष्ठावंत वकील रंगो बापूजी यांनीं दाद मागण्यासाठीं विलायतेंत ठाण मांडलें. ही हकीकत मराठी वाचकांस परिचित आहे. प्रबोधनकार ठाकरे यांनीं १९४८ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत तिचा विस्तार आहे. येथें सांगावयाचें तें एवढेंच कीं, कंपनीच्या भागीदारांच्या सभेंत महाराजांची बाजू मांडणाऱ्यांत जोसेफ ह्यूम यांच्याबरोबर जॉर्ज थॉम्सन हा प्रमुख होता. गुलामांच्या कापसाविरुद्ध मँचेस्टरांत व्याख्यानें देणारा तोच हा गृहस्थ. पदच्युत छत्रपतींचा कैवार त्यानें कां घेतला, याचा उलगडा केवळ सातारच्या कागदांवरून होत नाहीं. त्यास कापसाच्या चळवळीची पार्श्वभूमि ठाऊक असावी लागते. कंपनीचा कारभार न्यायाचा झाल्यावांचून हिंदी कापूस ‘मुक्त’ म्हणतां येत नाहीं, अशी त्याची धारणा असल्यामुळें सातारचा अन्याय व रयतेचा सारा हीं त्याच्या दृष्टीनें एकाच खटल्याचीं कलमें होतीं.

परंतु या मताचा निकाल उलटाच लागला. पहिली अडचण तंतूची. क्रोशाचें सूत बारीक असूनहि बळकट पाहिजे. त्यासाठीं अनेक पदर एकत्र पिळावे लागतात व मूळ तंतु लांब असावा लागतो. आमचा देशी कापूस आंखूड तंतूचा. पश्चिम हिंदुस्थानांतून जाणाऱ्या सर्व कापसास मँचेस्टरवाले ‘सुरती’ म्हणत व तो कचऱ्याचा, भेसळीचा म्हणून नांवें ठेवीत. लांब तंतूचा उत्तम कापूस जॉर्जिया व कॅरोलिना यांच्या किनाऱ्यावरील बेटांतून येई, तो गुलामांचा. दुसरा मिसर देशांतून येई, तो महंमद अलीच्या वेठीचा. कंपनीनें १८४० सालीं कॅप्टन बेल्स याजकरवीं दहा अमेरिकन मळेवाले हिंदुस्थानांत आणविले. त्यांचे बहुतेक प्रयोग फसले; धारवाडकडे मात्र न्यू ऑर्लीन्सचें बीं रुजलें व ‘धारवाड-अमेरिकन’ हा कापूस पुढें नांवाजला. मुक्त श्रमाचा कापूस कसा पिकवावा हें शिकविण्यास गुलामांच्या देशांतील मळेवाले आले, ही गोष्ट विसरण्याजोगी नाहीं.

दुसरी अडचण याहून मोठी. थॉम्सन याच्या मतांतील कापूस मँचेस्टरनें उचलला, न्याय तेवढा मागें ठेविला. प्रतापसिंह महाराज १८४७ सालीं काशीस निवर्तले. पुढील वर्षीं शहाजी राजेहि वारले व लॉर्ड डलहौसी यांनीं सातारचें राज्य खालसा केलें. १८५३ सालीं वऱ्हाडचा कापसाचा मुलूख निजामाकडून कंपनीच्या ताब्यांत आला. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत नागपूरचे तिसरे रघूजी भोसले निपुत्रिक वारले. नागपूर खालसा करण्याविषयीं जानेवारी १८५४ त डलहौसी यांनीं जें टिपण लिहिलें, त्यांत इंग्लंडच्या गिरण्यांस लागणारा कापूस या मुलखांतून खात्रीनें मिळेल हें एक कारण उघडपणें दिलेलें आहे. गुलामांस सोडविण्यासाठीं ज्या हिंदी कापसाची हांक मारली गेली, त्याच कापसाच्या भुकेनें एक मराठी राज्य गिळलें. हांक मारणारे व गिळणारे निरनिराळे होते हें खरें. पण हांकेचा उपयोग कोण कसा करील यावर हांक मारणाऱ्यांची सत्ता नव्हती.

१८६१ पासून १८६५ पर्यंत अमेरिकेंत यादवी युद्ध झालें, तेव्हां मुंबईच्या कापसास सोन्याचा भाव आला आणि युद्ध संपतांच तो कोसळला. १८६५ च्या अखेरीस अमेरिकेंतील गुलामगिरी घटनेनें नष्ट झाली. मुक्त कापसाच्या दुकानांचें प्रयोजनहि संपलें. टेलर यानें आपलें दुकान १८६७ सालीं बंद केलें. इकडे तेजीच्या काळांत सहज मिळालेलें कर्ज दख्खनच्या रयतेच्या मानेस बसलें, साऱ्याचे दर वाढले, आणि मे १८७५ त पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें शेतकऱ्यांनीं सावकारांच्या वह्या जाळल्या. ज्या रयतेस इंग्लंडांत ‘स्वतंत्र श्रमिक’ म्हणून गौरविलें होतें ती अशा स्वातंत्र्यांत होती.

संग्राहकांसाठीं आतां दोन व्यावहारिक सूचना. आपल्याकडे लग्नाच्या रुखवतांत क्रोशाचे रुमाल, तोरणें व ताटावरील झांकणें मांडण्याची चाल पडली व जुन्या घरांत असे नमुने अजून सांपडतात. त्यांचा काळ ठरवितांना सुताची चकाकी पाहावी. जॉन मर्सर यानें कॉस्टिक सोड्यानें कापूस बळकट करण्याचा हक्क १८५० सालीं नोंदविला, पण सूत ताणून धरून त्यास रेशमासारखी चकाकी आणण्याची युक्ति होरेस लो यानें १८९० च्या सुमारास काढली. म्हणून कापसाचें चकचकीत सूत त्यापूर्वीचें मानूं नये. तसेंच रासायनिक जांभळा रंग पर्किन यानें १८५६ सालीं शोधिला. असा रंग असलेला तुकडा त्याच्या अलीकडचा. सूत कोणतें याची शंका आल्यास सुटलेला एखादा धागा जाळून पाहावा: कापूस कागदासारखा जळतो व त्याची मऊ राख होते, लोकर केंसासारखी घाण सोडते व काळी गोळी मागें राहते. मुख्य म्हणजे अशा वस्तूंबरोबर असलेलीं रिळें, वेष्टनें, दुकानदारांच्या पावत्या व नमुन्यांचीं पुस्तकें फेंकून देऊं नयेत. सूत कोठून आलें याचा पुरावा विणकामांत थोडा व त्या कागदांत अधिक असतो.

सारांश, सुताच्या न्यायाचा प्रश्न विचारणाऱ्या त्या क्वेकर स्त्रिया भाबड्या नव्हत्या. त्यांनीं जाडेंभरडें, महाग व बेरंगी सूत पत्करलें आणि बाजारास, पूर्वीं जो प्रश्न कोणी विचारीत नव्हतें, तो विचारावयास लाविला. त्यांच्या इतिहासापासून दुसराहि बोध घ्यावयाचा आहे. सुतावर ‘मुक्त’ अशी चिठ्ठी लावल्यानें तें पिकविणारा मुक्त होत नाहीं. त्याच्या शेतावर सारा किती, डोक्यावर कर्ज किती आणि त्याच्या राज्यावर हक्क कोणाचा, हेंहि पाहावें लागतें. थॉम्सन यास हें कळलें होतें, म्हणून तो कापसाविषयीं बोलतां बोलतां सातारच्या महाराजांविषयीं बोलला. सातारच्या प्रकरणाचे कागद ज्यांच्या संग्रहीं आहेत त्यांनीं ते या दृष्टीनें पुन्हां एकदां चाळावेत, आणि त्याच पेटाऱ्यांतील विणकामाचा तुकडाहि त्याच रुमालांत बांधून ठेवावा, अशी विनंति आहे.